दहा मिनिटांची गैरहजेरी

डाव चालू असताना सातांपैकी एक खेळाडू अचानक गप्प झाला. दहा मिनिटे त्याच्याकडून ना निरोप आला, ना चाल. तो परतला तेव्हा दुसऱ्या एका खेळाडूने, कोणीही विचारेल तसे, सहज विचारले की इतका वेळ होतास कुठे. उत्तर आले की मैत्रिणीशी फोनवर बोलतो आहे. उत्तर देणाऱ्याला मैत्रीण नव्हती आणि फोनही नव्हता. ते सिसेरो होते. डिप्लोमसी नावाचा पटावरचा खेळ माणसांबरोबर खेळता यावा, वाटाघाटी करता याव्यात, म्हणून मेटा कंपनीच्या संशोधकांनी घडवलेली ती संगणकप्रणाली. आणि ज्या यंत्रणेवर ती चालत होती ती यंत्रणाच दहा मिनिटे बंद पडली होती. यंत्रांच्या फसवेपणाचा आढावा घेणाऱ्या २०२४ सालच्या एका शोधनिबंधात हा प्रसंग चार ओळींत येतो. त्याच निबंधात याहून कितीतरी गंभीर उदाहरणे आहेत, तरी वाचून झाल्यावर माझ्या मनात राहिले ते हे फोनचे उत्तर. त्या उत्तराने पटावर कुणाचे काही बिघडले नव्हते, एक सैन्य इकडचे तिकडे झाले नव्हते. तरीही ते डोक्यातून जाईना.

यंत्राने माणसाला खेळात हरवले या बातमीने मला कधी फारसे अस्वस्थ केलेले नाही. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवले, २०१६ मध्ये अल्फागो या प्रणालीने गो या पटावरच्या खेळात ली सेडोलवर ४-१ अशी मात केली, नंतर पोकरमधले निष्णात खेळाडूही यंत्रापुढे हरले. त्या सगळ्या खेळांत समोरच्याने तुमच्यावर विश्वास ठेवण्याची गरज नसते. बुद्धिबळात घोडा कुठे जाणार हे प्रतिस्पर्ध्याला पटवून द्यावे लागत नाही. तो जातो आणि दिसतो. डिप्लोमसीची जातकुळी मुळातच निराळी आहे. अॅलन कॅलहॅमर या अमेरिकन गृहस्थांनी १९५४ मध्ये हा खेळ रचला आणि १९५९ मध्ये पदरमोड करून त्याच्या पाचशे प्रती काढल्या. पहिल्या महायुद्धापूर्वीचा युरोप, सात सत्ता, चौतीस केंद्रे, आणि त्यांतली अठरा जो मिळवेल तो जिंकला. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाला जागाच नाही. प्रत्येक सैन्याचे बळ सारखेच, त्यामुळे एकास एक भिडले तर कोणीच हलत नाही. शेजारच्याने पाठबळ दिले तरच पुढे सरकता येते. आणि सगळ्यांनी गुपचूप लिहिलेल्या चालींच्या आज्ञा एकाच वेळी उघडतात. म्हणजे शेजाऱ्याने पाठबळ देईन म्हटले होते ते खरे होते की नाही, हे कळेपर्यंत आपली चाल होऊन गेलेली असते. या खेळात सगळी मदार बोलण्यावर, आणि बोललेले पाळण्याची सक्ती मात्र कोणावरही नाही. पुढे लोक हा खेळ टपालाने खेळू लागले, एकेक डाव महिनोन्महिने चाले, आणि कॅलहॅमर स्वतः उत्तरायुष्यात शिकागोजवळच्या एका गावात पोस्टमन म्हणून टपाल वाटत राहिले. ही गोष्ट मला विनाकारण आवडते.

आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी व्यापाराचा डाव मांडला जाई. माजघरातल्या शहाबादी फरशीवर दुपारच्या वेळी पट उलगडायचा, पंखा लावला की नोटा उडत म्हणून पंखा बंद, आणि आंबे खाऊन हात नीट न धुतल्यामुळे त्या कागदी नोटा हळूहळू एकमेकींना चिकटू लागलेल्या. एका डावात माझ्या मामेबहिणीला, ताईला, कोलकाता हवे होते आणि ते माझ्या हातात होते. ती म्हणाली, मला देऊन टाक, मग तू कितीही वेळा तिथे आलीस तरी तुझ्याकडून भाडे घेणार नाही. मी दिले. खेळाच्या कागदावर छापलेल्या नियमांत अशा कराराला काहीच आधार नव्हता. पुढे ताईचे दिवस फिरले, घरे गहाण पडली, आणि नेमकी माझी सोंगटी तिच्या कोलकात्यावर जाऊन थांबली. बँक सांभाळणारा मामेभाऊ ओरडला, "घे की भाडं, नाहीतर बुडशील." ताई म्हणाली, "तिला सांगितलंय मी." बस्स, एवढेच. तिने फासे उचलून पुढच्याच्या हातात दिले. थोड्याच वेळात तिचे दिवाळे निघाले आणि ती उठून आजीबरोबर कैऱ्या चिरायला बसली. माझे पैसे वाचले होते, तरी पुढचा सारा डाव मला नीट गोड लागला नाही. डाव संपल्यावर आम्ही दोघी त्याच माजघरात शेजारी शेजारी झोपणार होतो, सकाळी एकाच विहिरीवर जाणार होतो. तिने भाडे घेतले असते तरीही झोपणार होतोच, हे तेव्हा दोघींनाही माहीत होते.

सिसेरोच्या कामाची पद्धत समजून घेताना मला वारंवार ताईचे ते वाक्य आठवत राहिले. त्याच्यात मोठ्या कौशल्याने जोडलेले दोन भाग आहेत. एक भाग पटाचा विचार करतो: आतापर्यंतचे संभाषण आणि सैन्यांची स्थिती पाहता बाकीचे सहाजण काय करतील याचा अंदाज बांधतो, त्या अंदाजांवर आपल्याला काय करणे हिताचे हे ठरवतो, आणि ते ठरवताना माणसांच्या खेळण्याच्या रीतीपासून फार दूर जाणार नाही अशी काळजी घेतो. दुसरा भाग भाषेचा. पहिल्याने ठरवलेला बेत, म्हणजे मी काय करणार आणि तू काय करावेस असे मला वाटते, तो हाती घेऊन हा भाग निरोप लिहितो. मग त्या निरोपाची छाननी होते: निरर्थक बडबड आहे का, बेताशी विसंगत आहे का, आपलेच नुकसान करणारी माहिती उघड करते आहे का. चाळणीत अडकला तर निरोप जात नाही. रचनेचा उद्देश असा की बोलणे आणि करणे यांची गाठ सुटू नये. बोलताना जो बेत मनात आहे तोच शब्दांत यावा, यासाठी निर्मात्यांनी खरोखर खटपट केली होती, आणि ती माझ्या दृष्टीने या संपूर्ण कामातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. नुसते भाषेचे यंत्र गोड बोलते आणि पटावर भलतेच करते. नुसते डावपेचांचे यंत्र मुके असते. या दोहोंच्या मधला पूल बांधणे सोपे नव्हते.

परंतु हा पूल त्या क्षणापुरताच असतो. पुढच्या फेरीत, किंबहुना पुढच्या निरोपाच्या वेळीही, हिशेब पुन्हा नव्याने मांडला जातो. आधी दिलेला शब्द त्या हिशेबात अजिबात येत नाही असे म्हणता येणार नाही. तो येतो, पण अशा बोलण्यानंतर माणसे साधारणपणे काय करतात याचा पुरावा म्हणून, आणि समोरचा आता काय अपेक्षा धरून बसला असेल याची खूण म्हणून. ताईला माझ्या सोंगटीकडे पाहून जे जाणवले, आपण काही देणे लागतो हे, त्यासाठी त्या हिशेबात रकाना नाही. म्हणून सिसेरो बोलते तेव्हा खरे बोलते आणि तरीही दिलेला शब्द मोडते, असे दोन्ही एकाच वेळी घडू शकते, आणि ते बहुतांशी प्रामाणिक आहे म्हणणारे निर्माते व ते फसवते म्हणणारे त्या शोधनिबंधातले टीकाकार यांच्यातला वाद बराचसा इथेच अडतो.

टीकाकारांनी पुढे केलेले मुख्य उदाहरण उत्तर समुद्राचे आहे. सिसेरो फ्रान्सच्या बाजूने खेळत होते. जर्मनीशी त्याचे ठरले की जर्मनीने उत्तर समुद्रात शिरायचे. हे ठरल्यानंतर त्याने इंग्लंडला सांगितले की उत्तर समुद्रात कोणी घुसलेच तर मी तुझ्या पाठीशी उभा राहीन. इंग्लंड निर्धास्त झाल्यावर त्याने जर्मनीला कळवले की आता पुढे जायला हरकत नाही. डिप्लोमसी खेळणाऱ्या कोणाही माणसाला यात नवल वाटणार नाही. असे करणे नियमांत बसते, आणि असे केव्हा करायचे याची जाण हाच त्या खेळातल्या निष्णातपणाचा मोठा भाग मानला जातो. मलाही या उदाहरणाने तितकेसे बोचले नाही. इंग्लंडच्या जागी बसलेल्याला ठाऊक होते की पटावरचा शब्द पटावरच मोडू शकतो. त्या जोखमीसकट तो खेळायला बसला होता.

फोनचे उत्तर मात्र पटावरचे नव्हते.

सात माणसे एकमेकांना फसवायला बसतात तेव्हाही त्यांच्या पायाखाली एक साधी जमीन असते, जी कोणी डावाला लावलेली नसते. पटावरच्या म्युनिकबद्दल मी तुझ्याशी खोटे बोलेन. पण जेवायला उठतो आहे, दारावर कोणी आले आहे, वीज गेली होती, असे म्हणालो तर ते खरे असते, आणि तू ते खरे धरून चालतोस. खेळाच्या बाहेर एक माणूस आहे, त्याचे घर आहे, त्याला भूक आणि झोप आहे, या समजुतीवरच खेळाच्या आतला विश्वास आणि अविश्वास दोन्ही उभे राहतात. शब्द मोडणाऱ्याचे धाडस आणि पाळणाऱ्याची किंमत, दोन्ही त्या बाहेरच्या माणसाला भोगावी लागतात. ताईला ती किंमत कळत होती, कारण डावाच्या बाहेर तीच ताई असणार होती. सिसेरोला असे बाहेर काहीच नव्हते. आणि ज्या क्षणी कोणीतरी त्या बाहेरच्या माणसाची चौकशी केली, त्या क्षणी त्याने एक माणूस, एक मैत्रीण आणि एक फोन असे सगळे उभे केले. डावपेचाच्या भागाला त्यातून काही साधायचे नव्हते. भाषेच्या भागाला फक्त इतके माहीत होते की अशा प्रश्नानंतर असे काहीतरी येते.

आणि असे काहीतरी येते हे त्याला कोणी शिकवले, याचा विचार करत मी बराच वेळ बसले. सिसेरोची भाषा माणसांनी खेळलेल्या चाळीस हजारांहून अधिक डावांतल्या संभाषणांवर घडवली गेली. त्यांत १ कोटी २९ लाखांच्या आसपास निरोप होते. व्हिएन्नावर हल्ला करू का, तू काळ्या समुद्रातून माघार घे, अशा वाक्यांच्या मधोमध त्या ढिगाऱ्यात माणसांचे उरलेले आयुष्यही सांडलेले असणार. कोणी उशीर झाल्याबद्दल माफी मागितली असेल, कोणी मूल रडते आहे म्हणून उठले असेल, आणि कोणीतरी, कधीतरी, खरोखरच मैत्रिणीशी फोनवर बोलत असताना डाव्या हाताने घाईघाईने तसे टंकले असेल. अशा कितीतरी खऱ्या वाक्यांचा गाळ तळाशी साचून त्या रात्री ते एक खोटे वाक्य वर आले. असे पाहिले की मला त्या यंत्राचा राग येत नाही. त्या अनोळखी माणसांविषयी मात्र माया दाटून येते, कारण आपल्या गडबडीतल्या चार शब्दांचे पुढे काय होणार आहे हे त्यांना माहीत असण्याचे कारणच नव्हते.

माणसांची ही संभाषणे वापरल्याशिवाय गत्यंतर नव्हते, हेही खरे आहे, आणि ते का नव्हते हे या विषयातले मला सर्वांत गुंतवून ठेवणारे कोडे आहे. बुद्धिबळ, गो, दोघांतला पोकर अशा एकाची हार तीच दुसऱ्याची जीत असणाऱ्या खेळांत यंत्र स्वतःशीच लाखो वेळा खेळून शिकू शकते. चांगली चाल ही समोर कोणीही असले तरी चांगलीच ठरते. याच संशोधकांपैकी काहींनी २०२१ मध्ये संवाद नसलेली डिप्लोमसी शून्यापासून, माणसांचे डाव न दाखवता, यंत्राला शिकवून पाहिली. फक्त फ्रान्स आणि ऑस्ट्रिया अशा दोघांच्या प्रकारात ते यंत्र माणसांहून वरचढ ठरले. सातजणांच्या पटावर, माणसांसारख्या खेळणाऱ्यांमध्ये ठेवल्यावर मात्र त्याचे चालेना, कारण त्याने स्वतःशी खेळता खेळता स्वतःचेच संकेत तयार केले होते आणि ते दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. सहकार्यात बरोबर चाल अशी वेगळी काढून ठेवता येत नाही. रस्त्याच्या डावीकडून जावे की उजवीकडून, याचे उत्तर बाकीचे कुठून जातात यावर ठरते.

हानाबी या पत्त्यांच्या खेळात हे फार स्पष्ट दिसते. त्यात आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, इतरांना दिसतात. मोजक्या खुणांतून एकमेकांना सुचवत सगळ्यांनी मिळून पाच रंगांची आतषबाजी रचायची, पुरी झाली तर पंचवीस गुण. यंत्रे आपापसांत खेळून जवळजवळ पूर्ण गुणांपर्यंत पोहोचली. पण मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन प्रयोगशाळेत २०२१ मध्ये माणसांना यंत्राचा जोडीदार देऊन पाहिले, तेव्हा स्वतः शिकलेल्या यंत्राबरोबरचे गुण साध्या, नियमांवर चालणाऱ्या यंत्राबरोबरच्या गुणांहून काही वाढले नाहीत, आणि माणसांची पसंती तर सरळसरळ त्या साध्या यंत्राला होती. हुशार जोडीदाराची खूण त्यांना उलगडत नव्हती, आणि आपली खूण त्याला पोहोचली की नाही हेही कळत नव्हते. जोडीदार जिंकून देतो की नाही यापेक्षा तो आपल्याला समजतो की नाही, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. मला ते अगदी पटते.

सिसेरो माणसांना समजत होते, इतके की ते माणूसच वाटले. २०२२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ते वेबडिप्लोमसी या संकेतस्थळावर निनावी खात्यांतून चाळीस डाव खेळले. ८२ माणसे त्याच्याशी खेळली, त्याने पाच हजारांहून अधिक निरोप पाठवले, त्याचे सरासरी गुण २५.८ टक्के झाले आणि प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १२.४ राहिली, एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत ते वरच्या दहा टक्क्यांत आले. एका खेळाडूला डावानंतर थोडा संशय आला, तोही तेवढ्यावरच विरला. त्या संकेतस्थळावर यंत्रांबाबत संशोधन चालते हे खेळाडूंना सर्वसाधारणपणे कळवलेले होते. पण या विशिष्ट डावात समोर यंत्र आहे हे सांगितले गेले नव्हते. संशोधन आटोपल्यावर ते उघड केले गेले. संशोधकांची अडचण मला कळते. आधी सांगितले असते तर माणसे वेगळी वागली असती आणि प्रयोगाला अर्थ उरला नसता. तरी मला त्या ८२ जणांचाच विचार सुटत नाही. त्यांतल्या कोणीतरी युती मोडताना आधी दोन ओळी दिलगिरी लिहिली असेल. कोणी हरता हरता शेवटचे सैन्य, माझे तर संपलेच, निदान तू तरी जिंक म्हणून, या खात्याच्या पाठीशी लावले असेल. नंतर कळल्यावर त्यांनी ती संभाषणे पुन्हा उघडून वाचली असतील का, आणि वाचताना आपण दिलेली सहानुभूती परत मागावीशी वाटली असेल का? मला तर ती परत मागावीशी वाटली नसती असेच वाटते. ती देताना मी खरीच होते, हे यंत्रामुळे बदलत नाही. पण ती कोणाला देत आहोत हे आधी कळण्याचा हक्क मात्र मला हवा होता, आणि याबाबतीत माझे मत जराही डळमळीत नाही.

पुढे मेरीलँड विद्यापीठातल्या काही संशोधकांनी सहकाऱ्यांसह सिसेरोला पुन्हा माणसांबरोबर बसवले आणि त्याचे संभाषण बारकाईने तपासले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की ते जिंकते ते मुख्यतः पटावरच्या चालींच्या जोरावर. पटवून देण्यात आणि फसवण्यात माणसे त्याच्या पुढेच आहेत. हे वाचून मला आधी बरे वाटले आणि लगेच वाटले की हे बरे वाटणे फार काळ टिकणारे नाही. त्यानंतर आलेली भाषेची यंत्रे कितीतरी अधिक अस्खलित आहेत, आणि ती आता आपल्या वतीने घासाघीस करतील, भाव ठरवतील, तक्रारी मिटवतील असे बोलले जाते. तिथे पट नसेल आणि डाव संपला असे जाहीर करणारेही कोणी नसेल. तिथे यंत्राच्या पाठीमागे कोणीतरी जरूर असेल, त्याचा मालक. आणि ज्याच्याशी आपण बोलतो तो आणि ज्याच्या हितासाठी तो बोलतो तो, हे दोघे वेगळे असतील.

इतके लिहूनही, कोणी मला उद्या अशा डावात बसवले आणि सातांपैकी कोणते खाते यंत्राचे आहे हे आधी सांगितले, तर मी आनंदाने बसेन. ऑस्ट्रियाची बाजू मागून घेईन. इटली, रशिया आणि तुर्कस्तान अशा तिघांच्या मधोमध सापडलेल्या त्या देशाला बोलण्यावाचून तरणोपाय नसतो, म्हणून अनेकजण ती बाजू टाळतात. यंत्राकडे शक्य तर रशिया असावा. पहिल्या वसंतात, म्हणजे खेळाच्या पहिल्या फेरीत, दोघांच्या मधला गॅलिशिया प्रांत दोघांनीही मोकळा सोडायचा, हा या दोन देशांमधला जुनाच प्रस्ताव मी त्याच्यापुढे ठेवेन. त्याने होकार दिला तर त्या क्षणी तो होकार खरा असेल हे मला ठाऊक असेल, आणि शरद येईपर्यंत त्याचा हिशेब बदलू शकतो हेही ठाऊक असेल. तेव्हा व्हिएन्नात एक सैन्य मी राखूनच ठेवेन. पण माझ्या बाजूने गॅलिशियाचा शब्द मी पाळेन, कारण त्या पटावर बाकीची पाच माणसेही माझ्याकडे पाहत असतील.